छिन्नीची खूण

१४ जुलै

मामा,

नमस्कार आणि तब्येतीची चौकशी पहिल्याच ओळीत उरकून घेते, कारण पुढे सांगण्यासारखं खूप आहे आणि हॉस्टेलच्या या टेबलाचा एक पाय आखूड आहे. जोर देऊन लिहिलं की सगळं टेबल माझ्याबरोबर लिहायला लागतं.

फोनवर आपलं काही जमत नाही. वर्कशॉपातल्या बसच्या इंजिनांनी तुझे कान नेले, त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी तू "हो हो, जेवलीस का" एवढंच म्हणतोस. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. अक्षर मोठं काढते आहे.

तर मामा, तुझी भाची आता विद्यापीठात फॉरेन्सिक शिकते. विभागाची इमारत मागच्या बाजूला आहे, रसायनशास्त्राच्या पलीकडे, आणि तिच्या जिन्यात कायम स्पिरिटचा वास असतो. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम आधी बरीच वर्षं सरकारी प्रयोगशाळेत होत्या. कोर्टात साक्षी देऊन देऊन त्यांचं बोलणंच तसं झालंय. एक शब्द जास्त नाही. रबरी तळाचे बूट घालतात, त्यामुळे मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळत नाही.

पहिल्या प्रात्यक्षिकाला एक खोली सजवून ठेवली होती. उलटी खुर्ची, सांडलेला चहा आणि जमिनीवर पडलेला प्लास्टिकचा पुतळा. त्याला सगळे काका म्हणतात. आम्हाला आत जाऊन खोलीचा नकाशा काढायचा होता. मी मोठ्या ऐटीत पहिली आत शिरले आणि वाटेत पाय लागू नये म्हणून जमिनीवरचा कप उचलून खिडकीत ठेवला. मागून मॅडम म्हणाल्या, "छान. आता या गुन्ह्यात तूही आहेस." सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

बाबांना अजून वाटतं मी फार्मसी घ्यायला हवी होती. तू त्या दिवशी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलास आणि "पोरीला हवं ते शिकू दे, जबाबदारी माझी" म्हणालास, ते मी विसरलेले नाही. तुला मान खाली घालायला लावणार नाही.

मामीला सांग, तिनं शिवलेला पांढरा कोट वर्गात सगळ्यांत चांगला बसतो.

तुझी,
भिंगरी


२ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. चहाच्या सुट्टीत बसखाली उतरायच्या पिटाच्या काठावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. कपाचा भाग तेवढा गाळला.

काय सांगू तुला, एरवी ही माणसं क्रिकेटशिवाय दुसरं बोलत नाहीत, पण यावेळी बसखालचा हेल्परसुद्धा बाहेर येऊन ऐकत होता. फोरमन म्हणाला, "तिला विचारा, माझ्या डब्यातलं रोज कोण खातं ते कळेल का." इलेक्ट्रिशियन विचारत होता, मुडद्यांना हात लावावा लागतो का. मी म्हटलं, माझी भाची कशालाच घाबरत नाही. खरं का ते कळव, तोवर मी सांगत राहतो.

इकडे सगळं ठीक. पाच नंबरच्या बसचा गिअरबॉक्स पुन्हा रुसला आहे. एक नवा वेल्डर आलाय. चष्मेवाला, कमी बोलतो, जेवायला घरी जातो. पण हात बघावा त्याचा. दोन पत्रे असे जोडतो की सांधा शोधावा लागतो. मी इतका जुना हेड मिस्त्री, पण मलाही बोट फिरवून बघावं लागलं.

तुझ्या बापाला परवा भेटलो. मुद्दाम पत्र खिशातून अर्धं बाहेर काढून ठेवलं होतं. त्यानं विचारलंच, कोणाचं. मी म्हटलं, भावी साहेबांचं.

लवकर लिही. माणसं वाट बघतात. जरा चुरचुरीत लिही.

तुझा मामा


६ सप्टेंबर

मामा,

चुरचुरीत हवंय ना, मग हे वाच.

आधी इलेक्ट्रिशियनकाकांचं उत्तर. आम्हाला शवागारात नेलं होतं. मला चक्कर आली नाही. मी शेवटपर्यंत उभी राहिले. दाराची कडी घट्ट धरून उभी होते, हे मात्र वाचून दाखवू नकोस.

आता खरी बातमी. या महिन्यात आम्ही हत्यारांच्या खुणा शिकलो. म्हणजे पटाशी, छिन्नी, पक्कड यांनी काही उचकटलं की धातूवर जे ओरखडे उठतात, त्यांचा अभ्यास. तुझ्याच दुनियेतला विषय. शिशाच्या पत्र्यावर छिन्नी ओढायची, मग ती खूण आणि चोरीच्या जागेवरची खूण एका जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवायची. एकाच गोलात डाव्या अर्ध्यात एक, उजव्या अर्ध्यात दुसरी. हळूहळू सरकवत गेलं की एका क्षणी दोन्हींच्या रेघा जुळतात आणि मधली फटच नाहीशी होते. मामा, अंगावर काटा आला. वर्गात सगळ्यांत आधी माझ्या रेघा जुळल्या. मॅडमनी माझा अहवाल वर्गात फिरवला, त्यातले फोटो कसे काढायचे असतात ते दाखवायला.

वर्कशॉपमध्ये सांग सगळ्यांना: माणूस खोटं बोलेल, हत्यार बोलत नाही. प्रत्येक हत्यार जाताना सही करून जातं. एकदा खूण दिसली की हत्यार सापडलंच, आणि हत्यार सापडलं की त्याचा मालकही.

आता तू छाती काढून चाल आठवडाभर.

तुझी,
भिंगरी


२१ सप्टेंबर

भिंगरे,

सोबतचं पार्सल जपून उघड. तुझ्या विद्येची आता खरी गरज पडली आहे.

मागच्या वर्षी आपल्याकडे टॉर्कचा पाना आला होता, तुला दाखवला होता. चाकाचे नट किती ताकदीनं आवळले ते मोजून सांगणारा. असा पाना सबंध वर्कशॉपात एकच. टूलरूमच्या लोखंडी कपाटात असतो आणि किल्ली माझ्या कमरेला. सोमवारी सकाळी बघतो तर कपाटाच्या दाराची कड उचकटलेली आणि पाना गायब.

मॅनेजरनी आधी मलाच केबिनमध्ये बोलावलं.

"किल्ली तुमच्याकडे असते, मिस्त्री."

मी म्हटलं, "साहेब, किल्लीवाला कपाट कशाला फोडेल?"

"तसं वाटावं म्हणूनच फोडलं असेल तर?"

या नोकरीत माझे केस पांढरे झाले, पण माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. बाहेर आलो आणि कमरेची किल्ली चाचपून बघितली. मग तुझं पत्र आठवलं. खिशातच होतं. परत टूलरूममध्ये गेलो, खिडकी उघडली आणि दाराची कड नीट बघितली. आतल्या बाजूला रुंद खाच आणि खाचेत एका कडेला खोल ओरखडा. मी फोरमनला हाक मारली. दोघांनी मिळून सगळ्यांच्या हत्यारांच्या पेट्या उघडायला लावल्या. नव्या वेल्डरच्या पेटीत एक छिन्नी निघाली, तिच्या धारेचा एका बाजूला टवका उडालेला. कपाटाच्या खाचेत घालून बघितली. अगदी फिट्ट. फोरमननं घालून बघितली, त्यालाही फिट्ट. टवका बरोबर ओरखड्यावर.

मी तुझ्या पत्रातल्या ओळी सगळ्यांसमोर परत वाचल्या. सही करून जातं वगैरे. शनिवारी शेवटी टूलरूमच्या बाजूला तोच होता, हेही हेल्परनं सांगितलं.

वेल्डर एवढंच म्हणाला, "छिन्नी माझी आहे. कपाट मी उघडलं नाही." आणि गप्प. मला तर ते गप्प राहणंच खटकलं.

मी मॅनेजरना म्हटलं, माझी भाची विद्यापीठात हेच शिकते, ती लेखी देईल. ते म्हणाले, ठीक आहे, तोवर वेल्डरनं घरी बसावं. लेखी आलं की पोलिसांत देऊ.

पार्सलमध्ये छिन्नी आहे आणि मोबाइलवर काढलेले फोटो छापून घातले आहेत. विद्यापीठाच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठव. जास्त नको. सगळ्या वर्कशॉपचे डोळे तुझ्याकडे लागलेत, आणि माझी मान तर बघायला नको, इतकी वर झाली आहे.

तुझा मामा


२९ सप्टेंबर

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. एकटा असताना वाच.

पार्सल मिळालं तेव्हा मला आनंदच झाला होता. पहिली खरी केस, आणि तीही माझ्या मामाची. छिन्नी आणि फोटो घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले ते जवळजवळ नाचत. त्यांनी हात न लावता टेबलावर सगळं बघितलं आणि विचारायला सुरुवात केली. पेटीतून छिन्नी कोणी काढली. कुठे ठेवली. कशात गुंडाळली. फोटोत माप का नाही. मी प्रत्येकाला काहीतरी उत्तर देत होते. मग त्या म्हणाल्या, "छिन्नी कपाटाला लागली होती का?"

मी तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी "अगदी फिट्ट" या शब्दांवर बोट ठेवलं आणि चष्मा काढला.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता काही करता येत नाही. हत्यार खुणेत घातलं की नवी खूण उठते. ओरखडा आधीचा की तुझ्या मामांनी काढलेला, की त्या फोरमननं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही."

तरी माझं मन मानेना. मी विभागाच्या कारखान्यातून तेवढ्याच रुंदीच्या छिन्न्या मागून आणल्या. सगळ्या त्या खाचेत बसतील. त्यातल्या एकीच्या धारेचा टवकाही उडालेला होता. मामा, तुझ्या स्वतःच्या पेटीत याच मापाची छिन्नी आहे. लहानपणी मी तिनं अंगणात खड्डे करायचे आणि तू ओरडायचास. ती घालून बघितलीस का? फोरमनची? इतर कोणाची?

मी दोन ओळी लिहून देऊ शकत नाही. "वेल्डरनं केलं" असंही नाही आणि "केलं नाही" असंही नाही. कळायचा जो मार्ग होता तो आपण बंद केला. मी पहिल्या दिवशी कप उचलला होता, तसंच हे. फरक एवढाच की माझ्या खोलीत पुतळा होता.

मामा, तू चुकलास. पण तुझ्याआधी मी चुकले, आणि ते तुझ्यापासून लपवलं. माझा अहवाल मॅडमनी वर्गात फिरवला हे खरं. पण फोटोंसाठी फिरवला. शेवटची ओळ मी "हीच ती छिन्नी, यात शंका नाही" अशी लिहिली होती. ती त्यांनी लाल शाईनं खोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "तुला कसं माहीत?" त्यांनी सांगितलं होतं, रेघा जुळल्या तर जुळल्या म्हणायचं. बाकीचं न्यायाधीश ठरवतील. आणि हत्यार कोणाच्या पेटीत होतं यावरून ते कोणी चालवलं हे तर कधीच कळत नाही. हे सगळं माहीत असून मी तुला ते चुरचुरीत वाक्य लिहिलं, तुला वाचून दाखवता यावं म्हणून. आज त्या वाक्यामुळे एक माणूस घरी बसला आहे.

छिन्नी परत पाठवते आहे. तिच्या मालकाला दे. आणि मॅनेजरना सांग की लेखी काही मिळणार नाही, आणि का मिळणार नाही तेही. तुला जड जाईल हे मला कळतं.

भिंगरी


१२ ऑक्टोबर

भिंगरीस,

पत्र पोचलं. छिन्नी पोचली.

तू लिहिलंस ते समजलं. तुझ्या मॅडम मोठ्या असतील. पण त्यांना रोज सकाळी या गेटातून आत यावं लागत नाही. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो आहे. आता तेच तोंड घेऊन परत सांगायचं की माझ्या भाचीला काही सांगता येत नाही? मग इतके दिवस शिकली काय, असं विचारतील. मला काय बोलतील त्याची पर्वा नाही. तुला कोणी काही बोललेलं मला चालणार नाही.

चहाच्या सुट्टीत विचारत होते, पत्र आलं का. मी नाही म्हणालो.

अभ्यास कर.

मामा


४ नोव्हेंबर

मामा,

तुझ्या पत्राला उत्तर नको असेल असं वाटून इतके दिवस थांबले. आता राहवत नाही.

इथे पुढच्या महिन्यात खोटं कोर्ट भरणार आहे. आम्ही तज्ज्ञ साक्षीदार व्हायचं आणि कायद्याच्या विभागातली मुलं आमची उलटतपासणी घेणार. त्यांना आम्हाला अडकवल्याबद्दल गुण मिळतात, त्यामुळे ती फार प्रेमानं तयारी करत आहेत. माझी मैत्रीण, शेजारच्या कॉटवरची, रोज मला कपाटापुढे उभं करून प्रश्न विचारते. ती वकील झाली की तिचा आवाज बदलतो आणि मला खरंच घाम फुटतो.

काल तिनं विचारलं, "इतकं शिकून तुम्हाला सांगता येत नाही?" मी साक्ष अर्धीच सोडून कॉटवर जाऊन बसले. तुझं पत्र डोळ्यांसमोर आलं.

मग मी विचार केला, मामा. मी आधी जे लिहिलं होतं, हत्यार सही करून जातं वगैरे, ते कोणीही लिहील. त्याला विद्यापीठ लागत नाही. "मला सांगता येत नाही, आणि का येत नाही ते हे" असं म्हणायला मात्र मला इथे यावं लागलं. तेव्हा कोणी विचारलं, भाची काय शिकली, तर हेच शिकली. मला त्याची लाज वाटत नाही. तुलाही वाटू नये.

वेल्डर अजून घरीच आहे का? तुला मॅनेजरना सांगायचं जड जात असेल तर मी सुट्टीत येते आणि तुझ्या शेजारी उभी राहून सांगते. चूक दोघांची आहे, तू एकट्यानं का सांगावंस.

उत्तर दे. रागावून दिलंस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी


१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. शाळेच्या गणवेशांची शिलाई पडली आहे, तरी मशीनवर कापड तसंच ठेवून लिहायला बसले, कारण हे, म्हणजे तुझे मामा, तुला काही सांगणार नाहीत.

तुझं सप्टेंबरअखेरचं पत्र मला धुवायच्या शर्टात सापडलं. कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरत होते. मी वाचलं आणि यांना विचारलं, "हे वाचून दाखवलंत का तिथं?"

"हे काय वाचून दाखवायचं असतं?"

"आधीची दाखवलीत की. का भाची फक्त कौतुकापुरती आहे?"

यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच बादलीत टाकला. जेवणावरचं मन उडालेलं होतंच, तेही मला आधीपासून दिसत होतं. मग तुझं दुसरं पत्र आलं. खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी घातली, पायांत चपला घातल्या, माळ्यावरची छिन्नी काढली आणि मला म्हणाले, "चल."

वेल्डरचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार त्याच्या मुलीनं उघडलं, दहावीत असेल. आम्ही कोण ते कळल्यावर ती बाजूला झालीच नाही. दारातच उभी राहिली, बापाच्या आणि आमच्या मधे. शेवटी तोच आतून आला. शेजाऱ्यांची तुटकी खुर्ची दुरुस्त करत होता. हातात कानस होती.

यांनी छिन्नी पुढे केली. "ही तुझी. माझ्याकडे राहिली."

"रिपोर्ट आला?"

"आला. महिन्यापूर्वीच आला. त्यात काही निघालं नाही. निघणारही नव्हतं. मी ती खाचेत घातली तिथंच सगळं संपलं. चूक माझी आहे."

त्यानं छिन्नीच्या टवक्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग, मिस्त्री? मला माहीत होतं. तिथं सांगा."

मुलगी म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगा." बापानं तिला गप्प केलं, पण हे म्हणाले, "बरोबर बोलते ती."

दुसऱ्या दिवशीचं मला इलेक्ट्रिशियननं घरी येऊन सांगितलं. चहाच्या सुट्टीत हे पिटाच्या काठावर उभे राहिले, बसले नाहीत. मॅनेजरनाही बोलावून घेतलं. आणि तुझं पत्र वाचलं, सगळं. तू यांना सुनावलेलं, तुझी लाल शाई, कप, काही गाळलं नाही. "मामा, तू चुकलास" इथे थांबले. पाणी प्यायले आणि तीच ओळ परत पहिल्यापासून वाचली.

फोरमन म्हणाला, "मग पाना नेला कोणी?"

"मला माहीत नाही. तुलाही नाही."

मॅनेजर म्हणाले, "तुम्हीच त्या माणसाचं नाव घेतलंत, मिस्त्री."

"घेतलं. आता तुमच्यासमोर मागे घेतो. उद्यापासून त्याला कामावर घ्या. कोणाला तरी घरी बसवायचंच असेल तर मी बसतो."

कोणी घरी बसलं नाही. वेल्डर दुसऱ्या दिवशी कामावर आला. टूलरूमची किल्ली मात्र मॅनेजरनी यांच्याकडून काढून फोरमनकडे दिली. पाना अजून सापडलेला नाही.

मला वाटलं, किल्ली गेली म्हणून हे खचतील. संध्याकाळी आले ते ताठ चालत आले. जेवले नीट. मग म्हणाले, "पोरीनं मला खोटं लिहून दिलं असतं ना, तर ते मी जन्मभर खिशात घालून मिरवलं असतं. आणि मला कळलंही नसतं."

तुझ्या बाबांना हे सगळं यांनी स्वतः जाऊन सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "फार्मसीत हे शिकवलं नसतं." तुझ्या बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

कोट आखूड होत असेल तर मापं पाठव.

तुझी मामी


१३ डिसेंबर

मामा,

मामीचं पत्र आलं. तू मला काहीच कळवलं नाहीस. मी ते मैत्रिणीला वाचून दाखवायला घेतलं आणि पिटाच्या काठावर तू उभा राहिलास तिथे मला पुढे वाचता येईना. तिनं ते हातातून घेऊन पुरं केलं. 

काल खोटं कोर्ट झालं. कायद्याच्या विभागात खरंखुरं वाटावं असं दालन केलंय. उंच खुर्ची, कठडा, साक्षीदाराचा पिंजरा. न्यायाधीश म्हणून एक निवृत्त न्यायाधीशच बोलावले होते. माझ्या वाट्याला नेमकी उचकटलेल्या खिडकीची केस आली, पटाशीच्या खुणांची. समोरचा मुलगा उंच, आवाज घुमणारा. पहिल्या प्रश्नापासून त्यानं मला धरलं.

"तुमच्या मते ही खूण याच पटाशीची आहे?"

"खुणेतल्या रेघा आणि या पटाशीच्या रेघा मला जुळलेल्या दिसल्या."

"म्हणजे माझ्या अशिलानं खिडकी फोडली."

"ते मला सांगता येणार नाही."

"पटाशी त्याच्या घरात सापडली."

"पटाशी कुठे सापडली ते मी तपासलेलं नाही. ती कोणाच्या हातात होती हे तिच्यावरच्या रेघांवरून दिसत नाही."

तो कठड्यावर हात टेकून हसला. "मग बाई, तुम्ही इतकं शिकून इथे नेमकं सांगायला काय आलात?"

महिन्यापूर्वी मी इथेच कोसळले असते. काल माझ्या डोळ्यांसमोर तू होतास, सगळ्या माणसांसमोर पाणी पिऊन तीच ओळ परत वाचणारा. मी म्हटलं, "मला जेवढं दिसलं तेवढं सांगायला आले आहे. त्याहून जास्त सांगितलं तर उद्या कोणाला तरी घरी बसावं लागतं, आणि ते मी एकदा बघितलं आहे."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. त्या मुलानं आणखी प्रश्न विचारले, पण त्याचा जोर गेला होता.

माझी साक्ष पहिली आली, मामा. न्यायाधीश बोलताना म्हणाले की साक्षीदारानं कुठे थांबायचं हे कळायला बहुतेकांना नोकरीतली अर्धी वर्षं जातात. मॅडमनी बाहेर आल्यावर विचारलं, "हे कोणाकडे शिकलीस?" मी तुझी सगळी हकीकत सांगितली, किल्लीसकट. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, उन्हाळ्यात सरकारी प्रयोगशाळेत कामाला जायला एक जागा आहे, त्या माझं नाव देणार आहेत.

तू नेहमी लोकांना सांगतोस, माझी भाची, माझी भाची. काल मी त्या जिन्यात उभी राहून पहिल्यांदा कोणाला तरी म्हटलं, माझा मामा.

तुझी,
भिंगरी


२७ डिसेंबर

भिंगरे,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी जरा बाहेर जाऊन आलो. मग परत वाचलं.

वर्कशॉपात या वेळी मी वाचून दाखवलं नाही. मी काही म्हणायच्या आत इलेक्ट्रिशियननं ते माझ्या हातातून घेतलं आणि तोच वाचायला बसला. वकिलाचा आवाज काढून वाचत होता. न्यायाधीशांचं वाक्य आलं तेव्हा हेल्परनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मॅनेजर केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण पत्र संपेपर्यंत आतही गेले नाहीत. मी आपला ग्रीसचे हात पुसत बसलो. पुसून पुसून फडकं काळं झालं.

प्रयोगशाळेत गेलीस की तिथली माणसं कशी आहेत ते लिही.

आणखी एक सांगायचं आहे. वेल्डर आणि मी अजून फार बोलत नाही. कामापुरतं बोलतो. तो सांधे जोडतो, मी बघतो, पुढे जातो. तो कामावर परत आला त्या दिवशी मी त्याला माफ कर म्हटलं, तो पत्रा उचलून कामाला लागला, आणि ते मी धरून बसलो नाही. पण काल सुट्टी झाल्यावर तो गेटाशी माझी वाट बघत थांबलेला दिसला. शेजारी त्याची मुलगी, दप्तर घेऊन. मामीनं लिहिलं असेल तुला तिच्याबद्दल. दारातून बाजूला न होणारी.

तो म्हणाला, "मिस्त्री, पोरीला तुमच्या भाचीसारखं शिकायचंय. अकरावीला कोणते विषय घ्यायचे, ते विचारते आहे."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "मला खुणा वाचायला शिकायचंय. नीट."

मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर तुझा पत्ता लिहून दिला. वही हातावर धरून लिहिलं, त्यामुळे खोली क्रमांक दोनदा लिहावा लागला. तिचं पत्र येईल. तुझा अभ्यास असेल ठाऊक आहे, पण तिला सविस्तर उत्तर दे. आणि अक्षर मोठं काढ. तिचा बाप म्हणाला, तोही वाचणार आहे.

तुझा मामा